चादरीखालचा डोंगर

डोंगरावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या आहेत, असंच मला आधी वाटलं. आमच्या सावद्याला उन्हाळ्यात गच्च्यागच्च्यांवर पापड-कुरडयांसाठी जुनी धोतरं अंथरलेली असतात, तशाच त्या दिसत होत्या. पांढऱ्या, कोपऱ्यांवर दगड ठेवलेल्या. फक्त इथे गच्ची नव्हती, आणि पापड ठाऊक असलेलं माणूस शेकडो कोसांत मी एकटीच. स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे झाडंसुद्धा माणसाच्या गुडघ्याच्या वर जायला कचरतात, तिथल्या एका संशोधन केंद्रावर मी पीएच.डी. करत होते. भर दुपारी सगळे जेवायला खाली उतरले असताना पंपाची बॅटरी न्यायची राहिली म्हणून मी एकटी परत वर आले होते.

एका चादरीशी गुनिला गुडघे टेकून बसल्या होत्या.

गुनिला म्हणजे माझ्या मार्गदर्शक. तिथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. पासष्टीच्या बाईंना नुसतं नावानं बोलावायचं म्हणजे माझी जीभ अडखळायची, पण 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपत नसे. म्हणून तोंडानं गुनिला आणि मनात गुनिलाबाई, असा मी मधला मार्ग काढला होता.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत की गडबडल्या नाहीत.

"आलीस? बरं झालं. त्या कोपऱ्यावर दगड ठेव. वाऱ्यानं उडतंय."

मी ठेवला. मोठ्या माणसानं काम सांगितलं की माझे हात आधी चालतात आणि डोकं मागून येतं. मग चादरीच्या कडेला रोवलेली निळी खुंटी दिसली, तेव्हा डोकं येऊन पोचलं. निळी खुंटी म्हणजे कंट्रोल.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे ती चादर पाहून मी का हादरले ते कळेल. झाडं नुसती उभी नसतात. ती सतत हवेत काही ना काही सोडत असतात, निरनिराळे वायू. त्यातले काही आपल्याला वास म्हणून कळतात, बाकीचे नाकाला कळतही नाहीत. ऊन वाढलं की झाडं हे वायू जास्त सोडतात, कारण त्यातल्या काहींमुळे पानाला ताप सोसायला मदत होते. हे वायू पुढे हवेत जाऊन बऱ्याच उलाढाली करतात. धुरकं होतं, ढगांवर परिणाम होतो, हवेतला मिथेन जास्त दिवस टिकतो. गुनिलाबाईंनी चाळिशीत त्या डोंगरावर जमिनीचे काही तुकडे आखले होते. निम्म्यांभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या बुटक्या भिंती उभ्या केल्या, म्हणजे आतली हवा दोन-तीन अंशांनी जास्त तापावी. त्या तुकड्यांना लाल खुंटी. उरलेल्या निम्म्यांना काहीच करायचं नाही, ते जसेच्या तसे ठेवायचे. त्यांना निळी खुंटी. उन्हाळाभर दोन्हींवर काचेसारखी पेटी ठेवून आतली हवा पंपानं नळ्यांत ओढायची, आणि लाल तुकडा निळ्यापेक्षा किती जास्त वायू सोडतो ते मोजायचं. एवढंच. पण हे एवढंच बाई वीसेक वर्षं नेमानं करत आल्या होत्या.

आणि नेम म्हणजे कसला! वासाचा साबण बंद, तेल बंद, संत्रं सोलायचं तर खाली केंद्रावर. डासांचं मलमसुद्धा बंद, आणि तिथले डास आपल्या डासांचे थोरले काका. आईनं दिलेली लसणाची चटणी मी तीन उन्हाळे डब्याचं झाकणही न काढता ठेवली होती. हवेत आपलं काही मिसळायला नको, म्हणून. आणि ज्यांनी हे सगळं शिकवलं, त्याच बाई कंट्रोलवर चादर अंथरत होत्या.

"हे काय करताय तुम्ही?" मी विचारलं.

"आज पारा सव्वीसच्या वर जाणार आहे. कंट्रोलला एवढं ऊन चालत नाही."

"पण गुनिला, कंट्रोल आहे तो. जे हवामान असेल ते."

त्यांनी चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. "कंट्रोल म्हणजे काय, सांग बघू."

"ज्याला आपण काही करत नाही, तो."

"आपण नाही करत. पण केलं जातंच आहे ना? मी इथे आले तेव्हा जुलैत स्वेटर काढायची हिंमत नव्हती. आता रेडिओवर म्हाताऱ्यांनी उन्हात जाऊ नये म्हणून सांगतात. हे ऊन या डोंगराचं नाही, मृणाल. ते दुसऱ्या कुणीतरी इथे आणून टाकलंय. मी फक्त ते काढून घेते. मोजायच्या थोडं आधी चादरी उचलते."

वाईट हे की त्यांचं बोलणं मला पटत होतं.  सव्वीस अंश म्हणजे आमच्याकडे शाल शोधायची वेळ, पण तिथली विलो आणि बर्चची खुजी झुडपं त्या उन्हात अक्षरशः तोंड उघडून वायू सोडत होती, हे मीच तर मोजत होते.

"किती दिवस करताय?"

"दिवस नाही. चार उन्हाळे."

मी त्यांच्याकडे येऊन तीनच उन्हाळे झाले होते. म्हणजे माझा एकूण एक आकडा चादरीखालचा होता. झाडाला कालपरवाच्या उन्हाचीही आठवण असते. दोन दिवस गार ठेवलेलं पान तिसऱ्या दिवशी कमीच वायू सोडणार, मग मोजताना चादर असो वा नसो. लाल आणि निळ्यातला तो भला मोठा फरक, ज्याच्या आलेखाला सगळे देखणा म्हणायचे आणि ज्याच्यावर माझा अख्खा प्रबंध उभा होता, तो निम्मा-अर्धा बाईंच्या कपाटातल्या चादरींचा होता. मी बॅटरी घेतली आणि खाली आले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पेक्का भांडी विसळत होता. पेक्का आमचा फिनलंडचा सोबती. पंप, नळ्या, पेट्या सगळं तो सांभाळायचा. बोलायला कंजूष, पण माणूस सरळ. मी त्याला सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवून मला झोप लागली नसती.

त्याने नळ बंद केला. "तू काही पाहिलं नाहीस."

"मी दगड ठेवलाय, पेक्का."

"मग दगड विसर. उद्या पाहुणे येतायत. प्रयोग पुढे चालवायचा की बंद करायचा, ते ठरवायला येतायत. तू बोललीस तर प्रयोग गेला, तुझा प्रबंध गेला, माझी नोकरी गेली. आणि गुनिलाचं काय होईल, ते तुला माहीत आहे. नाही बोललीस तर काय जातं?"

"आकडा चुकतो."

"झुडपांच्या वासाचा एक आकडा."

"तो आकडा आपल्यापाशीच राहतो का? दुसरीकडे कुणीतरी तो उचलून पुढचं गणित मांडतं. पृथ्वी पुढे किती तापणार त्याचं. आणि आपण त्यांना सांगतोय की डोंगर अजून होता तसाच आहे."

"मृणाल, प्रबंध दे. पदवी घे. मग सांग."

सल्ला शहाणपणाचा होता, आणि मला तो ऐकायचाही होता, हे कबूल केलं पाहिजे. सावद्यात माझ्या घरच्यांनी दारादारांत सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होऊन येणार. कसली डॉक्टर ते कुणाला नीट कळलेलं नव्हतं, दोघी शेजारणींनी तर माझ्या आईला गुडघ्याचं औषधही विचारून ठेवलं होतं. शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष. पुन्हा मोजायचं तर कुणाच्या जिवावर मोजायचं?

तेवढ्यात आईचाच फोन आला.

"जेवली का माय?"

"जेवले. पाऊस आला का गं तिकडे?"

"कुठला पाऊस! मृग कोरडा गेला. तुझ्या बाबांनी पत्र्यावर गोणपाट टाकलेत, दोन टाइम पाणी मारतात."

"मग घरात गार असेल."

"घरात बरं आहे. त्यानंच तर घात केला. परवा घरात गार लागलं म्हणून टोपी-बिपी काही न घेता भर दुपारी केळीत गेले. भोवळ येऊन पडले बांधावर."

"काय? मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"एवढं काही नाही झालं. पन्हं पाजलं, उठून बसले. आता म्हणतात, मला वाटलंच नाही एवढं तापलं असेल. अरे बाबा, घरात बसून कसं वाटेल?"

फोन ठेवला तरी ती बांधावरची भोवळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बाबा आयुष्यभर त्या उन्हात राबलेले. त्यांना ऊन कळत नाही असं कसं म्हणायचं? पण गारव्यातून निघाले आणि फसले. गोणपाट टाकणं चूक नव्हतं. त्या गोणपाटाखाली बसून बाहेरचा अंदाज बांधला, तिथे चुकलं. मला रडू आलं, आणि काय करायचं तेही ठरलं.

सकाळी पाहुण्यांच्या आधी मी वर गेले. बाई माझ्याही आधी पोचल्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत घड्या घातलेल्या चादरी. एक तुकडा झाकूनही झाला होता. दुसऱ्याकडे निघाल्या तशी मी वाटेत उभी राहिले.

"आज नको, गुनिला."

"आज तर हवंच. आज सगळे बघणार आहेत."

"म्हणूनच नको."

त्या थांबल्या. मोठ्या बाईंची वाट अडवायची मला सवय नव्हती. पण बाजूला काही झाले नाही.

"तुझा प्रबंध जाईल," त्या म्हणाल्या. धमकी नव्हती ती. खरोखर काळजीनं म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"इकडे ये." त्यांनी झाकलेल्या तुकड्यापाशी बसून चादरीची कड उचलली. "आत डोकं घाल."

मी गुडघ्यांवर बसून चादरीखाली वाकले. आत दूधट उजेड होता आणि गारवा. ओल्या शेवाळ्याचा, थंड मातीचा मंद वास येत होता. मुद्दाम हुंगावा लागेल इतका मंद. मग डोकं बाहेर काढलं. बाहेर डोंगर नुसता दरवळत होता, गोडसर, राळेसारखा, जरा डोक्यात जाणारा. तीन उन्हाळे मी त्या दरवळाला डोंगराचा वास समजत होते.

"मी आले तेव्हा अख्खा डोंगर असा होता," बाई म्हणाल्या. "चादरीखाली आहे तसा. मृणाल, मला आलेख सुंदर करायचा नव्हता गं. मला एवढा तुकडा तरी राहायला हवा होता."

त्यांचे डोळे भरले होते. एवढं प्रेम मी कुणी जमिनीवर केलेलं पाहिलं नव्हतं, आणि माझ्या घरी सगळे शेतकरी आहेत. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण जीव तुटत होता नुसता.

"माझे बाबा परवा उन्हात पडले," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. पत्रा, गोणपाट, घरातला गारवा, बांध. इंग्रजीत गोणपाटाला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, हातवारे करून सांगितलं. "घर गार होतं म्हणून त्यांना वाटलं बाहेरही बरंच असेल. आपले आकडे वाचणारे सगळे लोक घरात बसलेत, गुनिला. ते या डोंगरावर कधी येणार नाहीत. त्यांना आपल्यावर विसंबूनच बाहेर पडायचंय."

त्यांनी विचारलं इतकंच, की बाबा आता कसे आहेत.

"बरे आहेत."

खालून पाहुण्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं. बाईंनी चादर काढली, झटकली, आणि घडी न घालताच पिशवीत कोंबली. एरवी त्या रुमालाचीसुद्धा घडी घालायच्या.

पाहुणे आठ-दहा होते. उन्हानं लाल झालेले, डासांना हातांनी वारत. पेक्का पेट्या घेऊन मागून आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या निळ्या तुकड्यांकडे, आणि गुपचूप पंप जोडायला लागला. बाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. हे लाल, हे निळे, प्रयोग केव्हा सुरू झाला, कोणत्या वनस्पती. अशी भाषणं त्यांची तोंडपाठ होती. मग एका वाक्याच्या मध्येच त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या की एका पाहुण्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

"नको," त्या म्हणाल्या. "मला एक सांगायचंय. गेले चार उन्हाळे मी ऊन वाढलं की कंट्रोलवर चादर घालते आहे. ही पाहा." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. "या दोघांना ठाऊक नव्हतं. मी एकटी दुपारी येत होते. चार वर्षांचे निळे आकडे खोटे आहेत. मोजणी चुकलेली नाही. जागा मी बिघडवली."

 पाहुण्यांतल्या प्रमुख बाईंनी विचारलं, "का?"

"मला हा डोंगर तापलेला बघवत नव्हता," गुनिलाबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. पण काहींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात बाईंची वीस-बावीस वर्षं मातीमोल होताना मला दिसली. पेक्काने पंप सुरू केला होता. त्या दिवशी आम्ही सगळ्यांसमोर निळे तुकडे उघड्यावर मोजले. पाहुणे शांतपणे बघत राहिले आणि दुपारनंतर काहीही न ठरवता, "कळवू" म्हणून उतरून गेले. पेक्का नळ्या घेऊन गेला. जाता जाता माझ्या पाठीवर एक थाप मारली. रागानं की शाबासकीनं, ते मी पुढेही कधी विचारलं नाही.

आम्ही दोघीच राहिलो. ऊन चांगलं चढलं होतं. बाई एका दगडावर टेकल्या, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

"मला एक करून बघायचंय," त्या म्हणाल्या. "मी डोळे मिटते. तू हाताला धरून मला कुठल्याही तुकड्यापाशी नेऊन बसव. लाल की निळा ते सांगायचं नाही."

मी त्यांना उठवलं. त्यांचा हात तापलेला होता. उगाच इकडून तिकडे फिरवून मी त्यांना एका तुकड्याशी बसवलं. त्यांनी वाकून श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"लाल," त्या म्हणाल्या.

 खुंटी निळी होती.

"सांग ना. लाल आहे ना?"

एक 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? सकाळपासून त्या बाईंनी पुरेसं सोसलं होतं. पण सकाळी त्यांची वाट अडवली ती मीच.

"नाही, गुनिला. निळा."

त्यांनी डोळे उघडले. खुंटीकडे पाहिलं, मग सगळ्या डोंगरावर नजर फिरवली, अगदी वरपर्यंत.

"म्हणजे आता कंट्रोल राहिलाच नाही," त्या म्हणाल्या. "सगळाच डोंगर लाल झाला. मग तू मोजणार तरी कशाशी तुलना करून? काय शिकवलं मी तुला? तुझे तीन उन्हाळे पाण्यात घालवले."

मला त्याच क्षणी सुचलं. मुद्दाम धीर द्यायला म्हणून नाही, खरोखरच सुचलं.

"तुमचे पहिले उन्हाळे आहेत की. चादरीच्या आधीचे. तेव्हाचे निळे आकडे. जुलैत स्वेटर घालून तुम्ही घेतलेत ते. डोंगर कसा होता, ते त्यांच्यात आहे. आता तोच कंट्रोल."

पुढे माझा प्रबंध त्यावरच झाला, आणखी तीन वर्षं खाऊन. प्रयोग बंद झाला, पेक्का फिनलंडला परतला, आणि बाईंना निरोप-समारंभही कुणी केला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी बाई माझ्याकडे नुसत्या बघत होत्या.

"वेडी आहेस," त्या म्हणाल्या. "चार वर्षं खोटी निघाल्यावर माझी आधीची वर्षं कोण खरी मानणार? तू तरी कशावरून मानतेस?"

"आज तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, त्यावरून," मी म्हणाले.

त्यांनी चेहरा ओंजळीत झाकला आणि त्या हमसून हमसून रडल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.